एक डॉलर खंडाच्या बागा

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात बाउअरी नावाचा एक जुना रस्ता आहे. सतराव्या शतकात तेथे डच लोकांची वसाहत होती आणि त्यांच्या भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ शेतमळा असा होता. डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याचा मळा याच वाटेवर होता. पुढे इंग्रज आले, वस्ती वाढली, मळ्यांच्या जागी चाळी आणि दुकाने उभी राहिली. मळे गेले, नाव तेवढे राहिले. सुमारे तीनशे वर्षांनंतर, १९७४ सालच्या एप्रिल महिन्यात, याच बाउअरीच्या आणि हाउस्टन रस्त्याच्या चव्हाट्यावरील एक पडीक तुकडा नगराच्या गृहनिर्माण खात्याने काही रहिवाशांना महिना एक डॉलर खंडाने दिला. कागदावर त्या जागेचे नाव 'वस्तीचे शेत व बाग' असे घातले गेले. ज्या रस्त्याच्या नावातच मळा होता, तेथे मळा परत आला.

महिना एक डॉलर हा खंड नाममात्रच होता. परंतु या एका डॉलरमध्ये एक मोठा प्रश्न दडलेला होता, आणि पुढील तीस वर्षे त्या नगरात तो गाजत राहिला. शहरातील उजाड जमिनीवर पुन्हा झाडे वाढावीत, पाखरे आणि कीटक नांदावेत, असे जेव्हा सामान्य रहिवासीच ठरवितात आणि स्वतः राबू लागतात, तेव्हा त्या कामाला पैसा कोणी द्यावा, कशासाठी द्यावा आणि कोणत्या अटीवर द्यावा? न्यूयॉर्कच्या बागांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन-तीन निरनिराळी उत्तरे सापडतात. त्यांपैकी काही उत्तरे तेथील रहिवाशांना फार महाग पडली.

त्या काळचे न्यूयॉर्क हे वैभवाच्या शिखरावरचे न्यूयॉर्क नव्हते. १९७० आणि १९८० या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिकाने घटली. कारखाने गेले, मध्यमवर्ग उपनगरांकडे निघून गेला, आणि १९७५ साली तर नगराची तिजोरी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. लोअर ईस्ट साइड, ब्रुकलिनचा काही भाग, दक्षिण ब्राँक्स अशा गरीब वस्त्यांत घरमालकांना भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती आणि कर यांचा मेळ घालता येईना. कित्येकांनी इमारती वाऱ्यावर सोडून दिल्या. काहींनी विम्याच्या पैशासाठी आपल्याच घरांना आगी लावल्या. कर थकला म्हणून मालमत्ता नगराकडे जमा झाल्या, धोक्याच्या इमारती पाडल्या गेल्या आणि मागे उरले ते विटांचे ढीग, मोडक्या खाटा, गंजलेल्या मोटारी आणि उंदरांची बिळे. अशा हजारो भूखंडांचा मालक नगर होते, आणि त्या मालकीचे काय करावे हे त्याला उमगत नव्हते.

लोअर ईस्ट साइडमध्ये राहणाऱ्या लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीने आणि तिच्या शेजाऱ्यांनी १९७३ साली या उकिरड्यांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. त्यांनी आपल्या मंडळीला 'ग्रीन गरिलाज' असे नाव घेतले. गनिमी काव्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे नाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कुंपणाआडच्या बंद भूखंडांत शिरता येत नसे, म्हणून ही मंडळी फुग्यांत आणि नाताळच्या झाडावर टांगावयाच्या पोकळ गोळ्यांत बी, खत आणि पाणी भरून ते कुंपणावरून आत फेकीत. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी सूर्यफुले लावली, ओसाड इमारतींच्या खिडक्यांत फुलांच्या पेट्या ठेवल्या. त्यानंतर बाउअरीच्या कोपऱ्यावरील भूखंडात उतरून त्यांनी राडारोडा उपसला, चांगली माती आणून पसरली, कुंपण घातले आणि लाकडी चौकटी बसवून भाजीपाल्याचे साठ वाफे तयार केले. नगराचा एक डॉलरचा करार त्यानंतर आला. म्हणजे आधी श्रमदान झाले आणि मग परवानगी मिळाली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पडीक जमीन गरजूंना लागवडीस देण्याची कल्पना अमेरिकेत नवी नव्हती. १८९३ सालच्या मंदीत डेट्रॉइट शहरात बेकारी माजली, तेव्हा तेथील महापौर हेझन पिंग्री याने शहरातील मोकळ्या जागा बटाटे आणि भाजीपाला लावण्यासाठी गरिबांना देण्याची योजना काढली. श्रीमंतांनी तिची टिंगल केली, वर्गणी जमेना. तेव्हा पिंग्रीने आपला उमदा घोडा लिलावात विकून पैसा उभा केला. दोन्ही महायुद्धांत अशाच लक्षावधी बागा देशभर निर्माण झाल्या. परंतु या सर्व प्रयत्नांचे एक समान लक्षण होते. संकट आले की जमीन उसनी मिळे आणि संकट सरले की ती परत मागितली जाई. ज्यांनी ती कसली त्यांचा तीवर कसलाही हक्क उरत नसे. बटाट्याच्या पिकाला त्याने फारसे बिघडत नाही. ते एका हंगामात हाती येते. वृक्षाचे आणि त्यावर वसणाऱ्या जीवसृष्टीचे मात्र तसे नसते.

बाउअरीचे उदाहरण पाहून इतर वस्त्यांतील लोक मार्गदर्शनासाठी येऊ लागले आणि सरकारलाही दखल घ्यावी लागली. १९७७ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने न्यूयॉर्कसह सहा मोठ्या शहरांत नागरी बागाईतीचा कार्यक्रम सुरू केला. ब्रुकलिनचे लोकप्रतिनिधी फ्रेडरिक रिचमंड यांच्या खटपटीने त्यासाठी पंधरा लक्ष डॉलरची तरतूद झाली होती. १९७८ साली न्यूयॉर्क नगराने 'ग्रीन थम' हा स्वतःचा उपक्रम काढला. ज्याने लावलेले रोप हमखास जगते त्याचा अंगठा हिरवा असतो, अशी इंग्रजीत समजूत आहे. आपण अशा माणसाच्या हाताला गुण आहे असे म्हणतो. या उपक्रमाचा खर्च मुख्यत्वे वस्तीविकासासाठी १९७४ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारकडून नगरांना मिळणाऱ्या अनुदानातून चालत असे.

या साहाय्याचे स्वरूप पाहण्यासारखे होते. बागकऱ्यांच्या हाती रोख रक्कम क्वचितच पडे. त्यांना माती मिळे, कुंपणाची जाळी मिळे, लाकूड, कुदळी-फावडी, रोपे आणि थोडेफार शिक्षण मिळे. बाकीचे सारे त्यांनी करावयाचे होते. उन्हाळ्यात आगीच्या बंबाच्या नळावरून पाणी आणणे, रात्री फाटकाला कुलूप लावणे, सकाळी ते उघडणे, शेजारच्या मुलांना आत घेणे, भांडणे मिटविणे आणि थंडी सरताच पुन्हा माती उकरणे. ही कामे मजुरी देऊन करून घ्यावयाची म्हटली तर कोणत्याही नगरपालिकेचे अंदाजपत्रक त्यापुढे अपुरे पडेल. लोकांनी ती विनामूल्य केली, कारण बाग त्यांची स्वतःची होती, किंवा निदान त्यांना तसे वाटत होते. थोड्या पैशाने मोठे काम उभे राहिले, याचे रहस्य एवढेच होते.

या बागांना त्या त्या वस्तीचा चेहरा आला. लोअर ईस्ट साइडमध्ये आणि ब्राँक्समध्ये पोर्तो रिको बेटावरून आलेल्या लोकांची दाट वस्ती होती. त्यांनी आपल्या गावाकडच्या पद्धतीने बागेत लहानशी लाकडी खोपटी बांधली आणि मका, घेवडा, मिरची, कोथिंबीर लावली. संध्याकाळी खोपटीच्या पडवीत वृद्ध मंडळी बसत आणि वाद्ये वाजत. मोठ्या उद्यानांतील कातरलेल्या हिरवळीपेक्षा या बागा अव्यवस्थित दिसत. परंतु किड्यामुंग्यांना आणि पाखरांना तीच अव्यवस्था मानवली. वसंताच्या आरंभापासून पानगळीपर्यंत काही ना काही फुललेले असे. वाळलेल्या काड्या आणि जुनी लाकडे जागच्या जागी राहत. एका लहानशा तुकड्यात वेल, झुडूप आणि वृक्ष दाटीने नांदत. ब्राँक्स आणि पूर्व हार्लेममधील अशा बागांत मधमाश्या आणि त्यांच्या भाईबंदांची पाहणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत चोपन्न जातींची नोंद होती आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती त्याच प्रदेशातील मूळच्या होत्या. सापडलेल्या माश्यांपैकी पुष्कळशा पोकळ देठांत किंवा लाकडाच्या भोकांत घर करणाऱ्या होत्या. सिमेंटच्या नगराच्या मध्यभागी, उकिरड्यांच्या जागी, हे जीव कोणी आणून सोडले नव्हते. त्यांना जगण्यापुरते स्थान मिळाले आणि ते आपणहून आले.

इतके सर्व चांगले झाले असता एक गोष्ट मात्र कच्ची राहिली होती. बागेचा करार तात्पुरता असे. नगराला जमीन हवी झाली तर तीस दिवसांच्या सूचनेवर ती मोकळी करून द्यावी, अशी त्यात अट होती. जोवर त्या भूखंडांना गिऱ्हाईक नव्हते तोवर या अटीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण १९९० नंतर न्यूयॉर्कचे दिवस पालटले. पैसा परत आला, माणसे परत आली, जमिनींचे भाव चढले. ज्या वस्त्यांचे नाव ऐकून पूर्वी लोक वाट वाकडी करीत, तेथे आता घरे मिळेनाशी झाली.

भाववाढीला इतर कारणे होतीच, पण बागांचाही तीत हात होता. बागांमुळे आसपासच्या मालमत्तांच्या किमतींवर काय परिणाम झाला याचा न्यूयॉर्कमधील दोन अभ्यासकांनी पुढे कसून शोध घेतला. बाग सुरू झाल्यावर हजार फुटांच्या परिघातील किमती चढतात आणि ही चढण सर्वांत गरीब वस्त्यांत सर्वांत अधिक असते, असे त्यांना आढळले. म्हणजे रहिवाशांनी आपल्या घामाने उकिरड्याला मोल आणले आणि ते मोलच त्यांच्या मुळावर आले. ज्याच्या हाती जमिनीचा कागद नाही, त्याचे कष्ट दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात, हा अनुभव शेतीच्या इतिहासात कुळांनी फार पूर्वी घेतला आहे. नगराच्या इतिहासात तो बागकऱ्यांच्या वाट्याला आला.

१९९८ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने या बागा उद्यानखात्याकडून काढून गृहनिर्माण खात्याकडे सोपविल्या. १९९९ च्या जानेवारीत ११४ बागांचा मे महिन्यात जाहीर लिलाव होईल, अशी घोषणा झाली. साम्यवादाचे युग आता संपले आहे, अशा शब्दांत महापौरांनी विरोधकांची संभावना केली. त्यांच्या पक्षालाही एक बाजू होती हे मान्य केले पाहिजे. जमीन नगराची होती, करार तात्पुरता होता, आणि शहरात घरांची टंचाई खरोखरच तीव्र होती. एखाद्या बेघर कुटुंबापुढे फुलपाखरांची महती गाणे शोभणारे नाही. परंतु बागकऱ्यांचे उत्तरही पोकळ नव्हते. नगराच्या हाती आणखी हजारो रिकामे भूखंड असता लावलेल्या बागाच का निवडाव्यात, असे ते विचारीत. शिवाय लिलावात जमीन घेणाऱ्याने तेथे गरिबांसाठीच घरे बांधावीत असे कोणतेही बंधन नव्हते. सर्वांत अधिक बोली लावील त्याला ती मिळणार होती. घर विरुद्ध बाग असा हा झगडा मांडला जात होता. पण बागा गेल्यावर गरिबांना घरे मिळतीलच याची हमी त्यात कोणीच देत नव्हते.

लोकांनी निदर्शने केली, झाडाफुलांचे वेष करून मिरवणुका काढल्या, न्यायालयाची पायरी चढली. राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनीही नगराविरुद्ध दावा लावला. आणि लिलावाच्या आदल्या दिवशी, १२ मे १९९९ रोजी, एक तडजोड घडून आली. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' ही जमिनी राखून ठेवणारी संस्था आणि गायिका व अभिनेत्री बेट मिडलर यांनी १९९५ साली स्थापन केलेली 'न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट' ही संस्था, या दोघींनी मिळून त्या ११४ बागा एकूण बेचाळीस लक्ष डॉलरना विकत घेतल्या. पहिलीने तीस लक्ष दिले, दुसरीने बारा लक्ष.

या प्रसंगी बागकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला हे खरे. परंतु जो हिशेब पुढे आला तो विचार करावयास लावणारा आहे. नगराने एक डॉलर खंडाने दिलेली, लोकांनी वीस-वीस वर्षे फुकट राबून सुधारलेली सार्वजनिक जमीन, लोकांसाठीच राखण्याकरिता देणगीदारांच्या पैशाने नगराकडूनच विकत घ्यावी लागली. आरंभीच जर जमिनीचा प्रश्न मिटविला असता, म्हणजे त्या भूखंडांना कवडीची किंमत नव्हती तेव्हाच ते उद्यान म्हणून नोंदले असते, तर हे बेचाळीस लक्ष डॉलर माती, पाणी आणि नव्या बागांकडे वळविता आले असते. पैसा आला, पण तो उशिरा आला, आणि म्हणून महाग पडला.

सर्वच बागांना असे दाते लाभले नाहीत. लोअर ईस्ट साइडमधील सातव्या रस्त्यावर 'एस्पेरान्सा' नावाची बाग होती. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ आशा. पोर्तो रिकोत कोकी नावाचा एक चिमुकला बेडूक आहे. रात्री तो स्वतःचेच नाव घेतल्यासारखा ओरडतो आणि त्या बेटाचे ते एक बोधचिन्हच होऊन बसले आहे. बाग वाचविण्यासाठी जमलेल्या लोकांनी या कोकीची भलीमोठी आकृती फाटकापाशी उभारली आणि तिच्या पोटात बसून ते रात्रंदिवस पहारा करू लागले. १५ फेब्रुवारी २००० रोजी सकाळी पोलीस आले. काही लोकांनी स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतले होते. त्यांना सोडवून अटक करण्यात आली आणि यंत्रांनी बावीस वर्षांची बाग भुईसपाट केली. इकडे ब्रुकलिनच्या न्यायालयात महाधिवक्त्यांच्या अर्जावर सुनावणी चालू होती. त्याच दिवशी न्यायाधीशांनी नगराच्या बागांना हात लावू नये असा मनाई हुकूम दिला. परंतु एस्पेरान्साच्या दृष्टीने तो हुकूम काही घटका उशिरा पोहोचला.

त्या हुकुमाने बाकीच्या बागांना मात्र अवधी मिळाला. जुलियानी यांच्यानंतर मायकेल ब्लूमबर्ग महापौर झाले आणि सप्टेंबर २००२ मध्ये राज्य व नगर यांच्यात समझोता झाला. त्यानुसार सुमारे चारशे बागा राखावयाच्या ठरल्या. काही उद्यानखात्याकडे आल्या, काही जमीन राखणाऱ्या संस्थांकडे गेल्या. ३८ जागांवर तत्काळ बांधकामास परवानगी मिळाली. आणखी शंभराहून अधिक जागांबाबत, बांधकामापूर्वी रीतसर चौकशी व्हावी आणि बागकऱ्यांना पर्यायी जागा दाखवावी असे ठरले. दोन्ही पक्षांना थोडे गमवावे लागले. परंतु बागकरी हा केव्हाही उठविता येण्याजोगा उपरा आहे, ही भूमिका प्रथमच मागे पडली.

ट्रस्ट फॉर पब्लिक लँडने विकत घेतलेल्या जमिनींचे पुढे जे केले ते या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणता येईल. तिने त्या कायमच्या स्वतःकडे ठेवल्या नाहीत. मॅनहॅटन, ब्राँक्स, तसेच ब्रुकलिन व क्वीन्स यांसाठी तीन स्थानिक भू-न्यास स्थापन केले, बागकऱ्यांतूनच त्यांचे विश्वस्त तयार केले आणि काही वर्षांच्या शिक्षणानंतर जमिनीची मालकी त्यांच्या हवाली केली. देणगीदाराचा पैसा जमिनीला अभय देण्यापुरता वापरावा आणि अभय मिळाल्यावर सूत्रे राबणाऱ्यांच्या हाती द्यावीत, असा तो दंडक होता.

निसर्ग पुन्हा वसविण्याच्या कामाला पैसा देताना सामान्यतः दात्याचे लक्ष दिसणाऱ्या वस्तूंकडे जाते. किती रोपे लावली, किती बाके बसविली, कोणाच्या हस्ते उद्घाटन झाले, हे अहवालात नीटनेटके मांडता येते. न्यूयॉर्कचा अनुभव असे सांगतो की, रोप आणि बाक यांची व्यवस्था रहिवासी कसेही करून करतात. त्यांच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी दोनच असतात: जमिनीची शाश्वती आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी पोहोचणारी मदत. ग्रीन थमची माती आणि कुंपण ही दुसऱ्या प्रकारची मदत होती आणि ती उत्तम रीतीने चालली. पहिली गोष्ट देण्याचे राहून गेले, आणि एस्पेरान्साने त्याची किंमत मोजली.

लिझ क्रिस्टी १९८५ साली निवर्तल्या. दुसऱ्या वर्षी बाउअरीच्या त्या पहिल्या बागेला त्यांचे नाव देण्यात आले. ग्रीन थमच्या छत्राखाली आज साडेपाचशेच्या आसपास बागा आहेत आणि त्यांची निगा अद्यापि रहिवासीच राखतात. पहिल्या बागेत एक उंच मेटासिक्वोया वृक्ष उभा आहे. या जातीची ओळख शास्त्रज्ञांना आधी दगडांतील अवशेषांवरून झाली होती. ती पृथ्वीवरून नाहीशी झाली असावी, असा समज होता. १९४० नंतरच्या दशकात चीनच्या एका खोऱ्यात तिची जिवंत झाडे सापडली आणि तेथून तिचे बी जगभर गेले. नाहीसा झाला असे मानलेला वृक्ष आणि नाहीसा झालेला मळा, दोघांनाही त्या चव्हाट्यावर पुन्हा जागा मिळाली. एका डॉलरच्या खंडाने त्याचा आरंभ केला. पण तीस दिवसांच्या सूचनेवर वाफ्यात भाजी पेरता येते, असा वृक्ष वाढविता येत नाही, हे समजण्यास त्या नगराला जवळजवळ तीस वर्षे लागली.